आठ तास आधी

मागच्या रविवारी फोनवर तुमच्या बाबाने सांगितलं की तुम्ही सगळे विमानतळावर दीड तास आधी पोचता आणि तेवढं पुरतं. मी "बरं" म्हटलं. फोनवर वाद घालू नये. आवाज मागेपुढे होतो आणि आपण भलतंच काहीतरी कबूल करून बसतो. म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही दोघं मराठी सावकाश वाचता, पण वाचता, त्यामुळे वाक्यं शक्यतो लहान ठेवीन.

दीड तास आधी पोचण्याला जो माणूस पोचणंच म्हणाला नसता, तो चौदा वर्षं आमचा घरमालक होता. नगरला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहत होतो. सगळी गल्ली त्यांना "मालक" म्हणायची. ज्यांची स्वतःची घरं होती तेसुद्धा.

त्यांची आमची पहिली भेट अशी झाली. घर बघायला रविवारी दहा वाजता येतो, असा निरोप आम्ही पाठवला होता. आठ वाजता आमच्या जुन्या घराचं दार वाजलं. दारात एक उंच, वाळका गृहस्थ. पांढरी पँट, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"दहाला घर बघायला येनार ते तुमीच का?"

"हो. पण आम्ही येणार होतो."

"व्हय. म्हनून आलो. वाटेत चुकला असता."

चुकण्यासारखं वाटेत काही नव्हतं. घर दोन गल्ल्या सोडून होतं. पण ते ओट्यावर बसून राहिले, आमची न्याहारी होईपर्यंत त्यांनी वर्तमानपत्र वाचलं, आणि नऊ वाजता आम्हाला घेऊन गेले. घर चांगलं होतं. दहा वाजता, म्हणजे आम्ही बघायला येणार होतो त्या वेळी, आमचं सगळं ठरूनसुद्धा झालं होतं.

मालक पस्तीस वर्षं एस. टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसायचं आणि कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली आहे ते लाऊडस्पीकरवरून सांगायचं, हे त्यांचं काम. त्या काचेतून त्यांना रोज एक दृश्य दिसत राहिलं. सुटलेल्या गाडीमागे पळणारी माणसं. त्याबद्दल ते फार गांभीर्याने बोलत.

"कलेक्टर असू द्या न्हाईतर हमाल. गाडीमागं पळताना दोघांचं तोंड सारखंच दिसतं. उघडं."

नोकरी संपली तरी आवाज तसाच राहिला. त्यांच्या घरात जेवण तयार झालं की ते तीनदा सांगितलं जायचं, मध्ये थोडं थांबून, आणि तिसऱ्यांदा "कृपया" लावून. आम्हाला वरच्या मजल्यावर स्पष्ट ऐकू यायचं. पहिल्या महिन्यात तुमचे आजोबा दोनदा जेवायला म्हणून हात धुऊन आले होते.

त्यांचं मूळ गाव जामखेडकडचं. बोलणं तिकडचंच राहिलं, फक्त लाऊडस्पीकरवर ते शुद्ध बोलत. लवकर जाण्याची सवय नोकरीमुळे लागली असं आम्ही समजत होतो, पण मालकीणबाईंनी ते खोडून काढलं. नोकरी लागायच्याही आधी, लग्नाच्या आदल्या दिवशीच नवरदेव एकटे एस. टी.ने सासुरवाडीच्या गावी गेले होते. का, तर रस्ता बघून ठेवायला. मांडव उभा राहत होता. मांडववाल्याने हा मोकळा माणूस बघितला आणि त्याला बांबू धरायला लावलं. संध्याकाळपर्यंत मालकांनी स्वतःच्या लग्नाचा अर्धा मांडव बांधला आणि शेवटच्या गाडीने परत गेले.

"मी खिडकीतून बघत हुते," मालकीणबाई सांगायच्या. "म्हटलं, मांडववाल्याचा गडी बरा दिसतोय. दुसऱ्या दिवशी बघते तर त्योच अंतरपाटाच्या पलीकडं हुबा."

"मग?"

"मंग काय. मांडव काही पडला न्हाई."

कुणाच्या अशा सवयीमागे एखादं दुःख असतं अशी आपली समजूत असते. माझीही होती. कधीतरी गाडी चुकली असेल, कुणाची तरी शेवटची भेट राहिली असेल. मी एकदा मालकीणबाईंना आडून विचारलंही. त्यांनी बराच विचार केला आणि सांगितलं की तसं काहीच झालेलं नाही. त्यांचं आजवर काहीच चुकलेलं नाही. मला थोडी निराशा वाटली, हे मी कबूल करते.

लवकर जाण्याचा तोटा होत नसे असं नाही. एका उन्हाळ्यात त्यांनी सगळ्या गल्लीला भंडारदऱ्याला काजवे दाखवायला नेलं. गर्दी व्हायच्या आधी जायचं असं त्यांचं म्हणणं होतं, म्हणून तीन आठवडे आधी नेलं. गर्दी नव्हती. काजवेही नव्हते. आम्ही काळोखाकडे बघत भेळ खाल्ली. मालक समाधानी होते. येताना जीपमध्ये म्हणाले, "पार्किंगला जागा बघितली ना कशी मिळाली?"

मी स्वतः वेळेवर पोचणारी बाई आहे. शाळेची घंटा आणि मी एकदमच वर्गात शिरत असू, आणि मी शिकवायचे त्या इंग्रजीच्या तासाला एकही मिनिट वाया गेलेलं मला आठवत नाही. आधी पोचणं हाही एक प्रकारचा अव्यवस्थितपणाच, असं माझं मत होतं आणि मी ते मालकांना सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुमची वर्गात शिरायची वेळ तुमच्या हातात हुती. इमानाची न्हाई."

विमानाचा आणि त्यांचा संबंध यायचं कारण आमची गल्लीच होती. एकेक करून मुलं बाहेरदेशी जाऊ लागली. मालकांकडे जुनी जीप होती आणि भरपूर वेळ होता. पुण्याच्या विमानतळावर पोचवायला माणूस हवा असला की लोक त्यांच्याकडे येत. ते ताशी चाळीसच्या वर जात नसत. लवकर निघालेल्याला वेग लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि पोचायचं ते विमानाच्या आठ तास आधी. याबद्दल सुरुवातीला लोकांनी फार कुरकुर केली. मग पासपोर्टचं प्रकरण झालं आणि कुरकुर थांबली.

शेजारची मुलगी मस्कतला नवऱ्याकडे निघाली होती. विमानतळावर पोचल्यावर तिने पर्स उघडली, तर पासपोर्ट नाही. जीपमधलं सगळं सामान खाली काढलं. मुलगी रडायला लागली. तेवढ्यात तिच्या आईने दोन्ही हात कपाळाला लावले.

"अगं बाई. देवापुढे राहिला."

सकाळी निघताना पासपोर्ट देवापुढे ठेवला होता. हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला, घरातल्या सगळ्यांनी नमस्कार केला. नमस्कार सगळ्यांनी केला, उचलला कुणीच नाही.

मालकांनी घड्याळ बघितलं. घरी फोन करायला सांगितला. मुलीचा भाऊ पासपोर्ट शर्टाच्या आत घालून मोटारसायकलने निघाला आणि तीन तासांनी पोचला. तोवर मालकांनी सगळ्यांना दोनदा चहा पाजला.

"आठातले तीन गेले," ते म्हणाले. "पाच उरले. रडायचं काय त्यात?"

पासपोर्टवर कुंकवाचं बोट होतं आणि आत झेंडूची पाकळी. आतल्या अधिकाऱ्याने ती काढून बाजूला ठेवली आणि शिक्का मारला, असं मुलीने नंतर कळवलं. त्या दिवसापासून मालकांनी गल्लीत नियम केला. देवापुढे झेरॉक्स ठेवायची. एका आजींनी विचारलं, देवाला झेरॉक्स चालेल का. मालक म्हणाले, "देवाला काय शिक्का मारायचाय का?"

यानंतर विमानप्रवासातला शेवटचा शब्द त्यांचा झाला. गंमत अशी की ते स्वतः कधी विमानात बसले नव्हते, आणि तिकीट नसल्यामुळे विमानतळाच्या दाराच्या आतही गेले नव्हते. आत काय असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाहेर काय असतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कोणत्या खांबाची सावली किती वाजेपर्यंत टिकते, कोणत्या नळाला पाणी थंड येतं, ढकलगाड्या आणून ठेवणारा माणूस कोणत्या बाजूने येतो आणि त्याच्याकडून चारही चाकं फिरणारी गाडी कशी मागून घ्यायची. सकाळच्या पाळीचे जवान त्यांना ओळखत. ते विमानतळाला स्टँड म्हणत आणि विमानाला गाडी. त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

ते गेले तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. घाई केली असं कुणी म्हणालं नाही.

आता तुमच्या बाबाकडे येते.

तुमच्या आजोबांचं एमआयडीसीत मोटार रिवाइंडिंगचं वर्कशॉप होतं, हे तुम्हाला माहीत आहे. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी जळल्या की तिथे यायच्या. आतली जळकी तांब्याची तार काढायची, नवी भरायची, मोटार परत पाण्यावर बसवायला द्यायची. तुमच्या बाबाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर व्हावं ही आजोबांचीच इच्छा. शिकून त्याने वर्कशॉप वाढवावं, हेही त्यांनी ठरवलं होतं. फक्त ते त्याला सांगितलं नव्हतं. परदेशातल्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा सांगायची वेळ निघून गेली होती. ते एवढंच म्हणाले, "जायचं तर जा." आणि बोलणं बंद झालं.

अडीच महिने ते दोघं माझ्यामार्फत बोलले.

"त्याला सांग, गीझर चालू राहिलाय."

तो समोरच बसलेला असायचा.

"त्यांना सांग, मी आत्ताच बंद केला."

मी दोन्ही निरोप पोचवत असे. मी मध्ये पडून समेट घडवावा असं बऱ्याच जणांनी सुचवलं. समेट मला जमला नाही, पण एकही निरोप चुकीचा पोचला नाही. रात्री मात्र मला एकच विचार यायचा. हा असाच गेला तर सातासमुद्रापलीकडूनही हे माझ्यामार्फतच बोलत राहणार. आणि एखाद्या दिवशी मी नसले, की तेही संपणार. बाप आणि मुलगा दोघेही हट्टी. दोघेही दुसऱ्याने सुरुवात करायची वाट बघणारे. अशी माणसं वाट बघण्यात वर्षं काढतात.

जायचा दिवस चार दिवसांवर आला तेव्हा मालक वर आले. हातात कागद होता. ते प्रत्येक प्रवासाचा ड्युटीचा तक्ता करत, कार्बन घालून तीन प्रती. वाहन: मालक. अन्न व पाणी: बाई. कागदपत्रं: प्रवासी. सामान राखण: शेठ. शेठ म्हणजे तुमचे आजोबा. वर्कशॉपमध्ये दोनच माणसं कामाला होती, पण मालक त्यांना शेठ म्हणत.

"मी येणार नाही," आजोबा म्हणाले. "मला काम आहे."

"मंग सामान कोन राखनार?"

"ही राखेल."

"बाई अन्न व पानी हायेत."

"मग तो राखेल. त्याचंच आहे."

"त्यो प्रवासी. प्रवाशानं सामान राखायचं न्हाई. सामानाकडं बघता बघता कागदं जात्यात."

"मग तुम्ही राखा."

"मी वाहन," मालक म्हणाले.

आजोबा वर्कशॉपमध्ये स्वतः असेच तक्ते करत. तक्त्यातली रिकामी जागा त्यांना सहन होत नसे. त्यांनी कागद घेतला, दोनदा वाचला आणि खिशात ठेवला. मला म्हणाले, "त्याला सांग, बॅगेला कुलूप चांगलं घे."

विमान दुपारी साडेचारचं होतं. पुण्याहून दिल्ली आणि तिथून पुढे. आम्ही पहाटे पाचला निघालो आणि साडेआठला पोचलो. वाटेत शिरूरला चहा झाला. चहाच्या टेबलावर "त्याला विचार, साखर पाहिजे का" एवढं एकच वाक्य बोललं गेलं. साखर नको होती.

विमानतळावर मालक दारावरच्या जवानाकडे गेले.

"भैया, साडेचार की गाडी कब लगेगी?"

"अंकल, वो तो शाम की है."

"मालूम है."

"डेढ बजे के पहले अंदर नहीं छोडेंगे."

"वो भी मालूम है," मालक म्हणाले आणि समाधानाने परत आले.

त्यांनी आम्हाला त्यांच्या नेहमीच्या खांबापाशी बसवलं. तिथल्या बाकावर सतरंजी अंथरली. एका टोकाला आजोबा, दुसऱ्या टोकाला तुमचा बाबा, मध्ये दोन मोठ्या बॅगा आणि मी. पहिला दीड तास सगळ्यांनी दाराकडे बघत काढला. समोरून माणसं येत होती, मिठ्या मारत होती, रडत होती, आत जात होती. ती सगळी आमच्या मागून आलेली होती.

दहा वाजता मालक म्हणाले, "बाई, चला. चहा बघून येऊ."

"मी इथेच बसते."

"न्हाई. सामानापाशी दोन माणसं. नियम हाय. तिसरं माणूस बसलं की तिघंबी एकमेकांच्या भरवशावर ऱ्हातात आनि बॅग जाती."

हा नियम मी पूर्वी ऐकलेला नव्हता. पण मला शाळेत नियमाला उलट प्रश्न करायची सवय नव्हती, त्यामुळे मी उठले. मालकांनी मला चहाचं दुकान दाखवलं. मग थंड पाण्याचा नळ दाखवला. मग जीप जिथे लावली होती ती जागा, आणि ती तिथेच का लावली याची कारणं. मग एकेक करून सगळे खांब. माझा जीव तिकडे लागला होता. मधलं माणूस काढून घेतल्यावर ते दोघं एकमेकांना पाणी तरी कशी विचारणार?

"मालक, परत जाऊ या का?"

"अजून त्यो कोपरा राहिलाय."

त्या कोपऱ्यात काही नव्हतं. आम्ही तो बघितला.

परत आलो तेव्हा साडेअकरा झाले होते. बॅगा बाकावरून खाली उतरल्या होत्या. आजोबा बाकाच्या मध्यावर सरकले होते आणि ड्युटीच्या तक्त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने काहीतरी काढत होते. तुमचा बाबा त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

आधी कोण बोललं, हे मी नंतर दोघांनाही स्वतंत्र विचारलं. प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव घेतलं. पुढे काय बोलणं झालं, त्यातलं बरंचसं मात्र मी स्वतः ऐकलं.

"ती साडेसात हॉर्सपॉवरची मोटार परत का आली पण?" तुमचा बाबा विचारत होता. "मीच भरली होती ना ती?"

"तुझं वाइंडिंग ठीक होतं. बेअरिंग गेलं होतं. शाफ्ट एका बाजूला घासला आणि सगळं जळलं."

"मला वाटलं माझंच चुकलं."

"तुझं चुकलं असतं तर मी बोललो नसतो का?"

तुमच्या बाबाने कागदावरून नजर काढून त्यांच्याकडे बघितलं. आपण काय बोलून गेलो ते आजोबांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी पेन्सिलीचं टोक नीट करायला घेतलं. मग कागदाकडे बघतच विचारलं, "तिकडे मोटारी जळतात का?"

"जळतात की."

"मग कोण भरतं?"

"कुणी नाही, पप्पा. लहान मोटार असली की टाकून देतात."

आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"टाकून देतात?"

"हो."

"तांब्यासकट?"

"तांब्यासकट."

हे पचवायला त्यांना बराच वेळ लागला. मी डबा उघडला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. दोघांनी कागदावरची नजर न काढता खाल्लं.

"मग तू तिथे जाऊन नेमकं करणार काय?" आजोबांनी विचारलं. अडीच महिन्यांत हा प्रश्न त्यांनी माझ्यामार्फतसुद्धा विचारला नव्हता.

"मोटार जळायच्या आधीच बंद पडावी, असं काहीतरी बसवायचं तिच्यात. आमचा सगळा विभाग तेच करतो."

"म्हणजे मोटारी जळणारच नाहीत."

"कमी जळतील."

"आणि मग आमचं वर्कशॉप?"

"नगर जिल्ह्यापर्यंत यायला तीस वर्षं लागतील, पप्पा."

आजोबा हसले. मोठ्याने हसले. शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मी डब्याचं झाकण लावण्यात बराच वेळ घालवला.

दीड वाजता मालक दारापाशी जाऊन आले. आत सोडायला सुरुवात झाली होती. त्यांचा प्रवासी नेहमी रांगेत पहिला असे. दुसऱ्या क्रमांकाने आत गेलेला त्यांचा एकही प्रवासी मला माहीत नाही. ते आमच्यापासून दहा पावलांवर उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला, घोषणा करायला तोंड उघडलं, बाकाकडे बघितलं आणि मिटलं.

मी उठून त्यांच्यापाशी गेले.

"सोडायला लागले ना?"

"लागले."

"मग?"

"शेठ बोलत्यात."

दोन वाजले. रांग लांबली. मालक रांगेतली माणसं मोजत होते. अडीच वाजता त्यांनी रुमालाने मान पुसली. ऊन तसं फार नव्हतं. बाकावर आता मोटारीचा विषय संपून विहिरीचा सुरू झाला होता, आणि आजोबा हाताने विहिरीची खोली दाखवत होते.

"बाई, तुमी सांगा," मालक हळू आवाजात म्हणाले.

"मी नाही सांगणार. ड्युटी तुमची आहे."

"साडेतीनला आतली खिडकी बंद व्हती."

"मला माहीत आहे."

"तिकीट वाया जाईल. नोकरीवर हजर व्हायची तारीख हाय त्याला."

"तेही माहीत आहे. सांगता का?"

त्यांनी बाकाकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि मग घड्याळाकडे.

"अजून पाच मिन्टं," ते म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. त्या पाच मिनिटांनंतर त्यांनी आणखी पाच दिली. तीननंतर त्यांना एका जागी उभं राहवेना. येरझाऱ्या घालायला लागले, पण बाकाच्या मागच्या बाजूने, म्हणजे दिसू नये म्हणून. मी त्यांच्याबरोबर येरझाऱ्या घातल्या. माझ्या मनात दोन्ही होतं. विमान चुकू नये, आणि हे बोलणं आपल्या हातून तुटू नये. अडीच महिने मी ज्याची वाट बघत होते ते आता बाकावर बसलेलं होतं आणि त्याला उठवायचं धैर्य आम्हा दोघांपैकी एकातही नव्हतं.

शेवटी तुमच्या बाबानेच सहज मोबाईल बघितला आणि तो ताडकन उठला.

"काका! तीन वाजून दहा मिनिटं झाली! तुम्ही सांगितलं का नाही?"

मालक पुढे आले. चेहरा सरळ होता.

"घड्याळ मागं पडलंय माझं."

ते घड्याळ ते रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांना लावत. पण त्या क्षणी कुणी चौकशी केली नाही. आजोबांनी दोन्ही बॅगा उचलून ढकलगाडीवर टाकल्या आणि ढकलत पळायला लागले. तुमचा बाबा त्यांच्यामागे, मी त्याच्यामागे डबा घेऊन, आणि माझ्यामागे मालक. आम्ही चौघंही उघड्या तोंडाने पळत होतो. बाकीची मंडळी बाजूला होऊन बघत होती. दारापाशी तुमच्या बाबाने वाकून सगळ्यांच्या पायांना एकदमच हात लावला, त्यात बहुधा जवानाचेही पाय आले. आजोबा गाडी ढकलत आत निघाले होते. जवानाने त्यांना हात आडवा केला.

"अंकल, टिकट?"

"मी सामान राखण आहे," आजोबा मराठीतच म्हणाले. मग थांबले, आणि गाडीचा दांडा तुमच्या बाबाच्या हातात दिला.

तो काचेआड दिसेनासा झाला तरी ते तिथेच उभे होते. पंधरा-वीस मिनिटांनी फोन वाजला. मी पर्स उघडली. माझा नव्हता. आजोबांच्या खिशातला वाजत होता.

"मिळालं?" आजोबांनी विचारलं. मग ऐकलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "मिळालं म्हणतोय. खिडकीवर सगळ्यात शेवटचा हाच."

मालकांनी डोळे मिटून घेतले. "शेवटचा," ते स्वतःशी म्हणाले. त्यांना दुःख झालं होतं. ते मला स्पष्ट दिसत होतं.

परतीला जीप चाळीसच्या वेगाने निघाली. आजोबा पुढे बसले होते. मांडीवर तो तक्ता होता, पाठची बाजू वर करून. शिरूर ओलांडल्यावर ते म्हणाले, "मालक, तो सुट्टीला येईल, मग परत जाईल. तेव्हा आपण तीनला निघू."

मालकांनी जीप हळू केली. ती मुळातच इतकी हळू होती की जवळजवळ थांबलीच.

"पहाटे तीनला? दहा तास आधी?"

"हो."

"शेठ, इतक्या लवकर जाऊन तिथं करायचं काय?"

आजोबा बाहेर उसाकडे बघत होते.

"मोटारीच्या स्टार्टरचं सांगायचं राहिलं त्याला," ते म्हणाले.